मऊ लोकर

सिन्नरजवळ मामांच्या मेंढवाड्यात मी हातवारे करून भाषणच ठोकलं होतं, "मऊ लोकरीचा मेंढा आणा मामा, कातरायला सोपं, भावही चढा!" मामांनी ऐकलं आणि जुना काळा मेंढा विकून तसला आणला. कोकरं खरंच सशासारखी मऊ निपजली.

पुढं त्यांची लोकर घेऊन आम्ही घोंगड्या विणणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं ती चिमटीत चोळली. "पाव्हणं, ही मागावरच तुटंल. घोंगडी झालीच, तर पहिल्या बोरीच्या काट्याला फाटंल. कुणी शिकवलं हे शहाणपण?"

मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मपलीच हौस, मलाच सुचलं, दुसरं काय!"

आणि मी, बारा गावांत बोलघेवडा म्हणून मिरवणारा, चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो. पट्टा लागलेलाच होता.