दुपारच्या झोपेतलं इंजिन

टोर्वेलाने स्मिता गुप्तेला विकत घेतलं ते एका गजराच्या घड्याळाबरोबर. खरं सांगायचं तर घेतलं घड्याळ आणि स्मिता त्यावर फुकट मिळाली, पण असं माणसाच्या तोंडावर कोण म्हणणार? घड्याळ म्हणजे मोबाइलमधलं ॲप, सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका छोट्याशा कंपनीत सहा जणांनी मिळून केलेलं. माणसाला दचकवून उठवायचं नाही, उजाडतं तसं अलगद जागं करायचं, ही कल्पना स्मिताची. फार जीव होता तिचा त्या गजरावर.

टोर्वेला ही बेल्जियमची कंपनी. बाईने स्वतः काही बनवलं म्हणाल तर फारसं नाही. दुसऱ्यांनी हौसेने केलेली ॲप्स घेत घेत तिचा संसार वाढला. आधी बॅटरीचं ॲप घेतलं, मग फोटो जोडायचं, मग रोजनिशीचं, मग पाककृतींचं. दर खेपेला सोहळा तोच. व्हिडिओ कॉलवर टाळ्या, ‘आता आपण एक कुटुंब’ असं भाषण, सगळ्यांना नवे टी-शर्ट, आणि पुढच्या महिन्यात अर्ध्या कुटुंबाच्या हातात नारळ. यात कुणी दुष्ट होतं असंही नाही हो, मोठं व्हायची त्यांची रीतच ती. स्मिताबरोबरची पाचही माणसं गेली, ती राहिली. का राहिली, देव जाणे. खुर्ची तीच, खिडकी तीच, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी तेवढी निळ्याची केशरी झाली.

तिला काम मिळालं ते मात्र विचित्र. नवीन ॲप विकत घेतलं की त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवायचं. दिवसभर ती लोकांच्या हौशी चाळत बसे. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी मोठ्या प्रेमाने घातलेलं एखादं बटण, जे आता कुणी दाबत नाही. संध्याकाळी घरी जायच्या मेट्रोत बसली की ती सगळी बटणं डोळ्यांपुढे तरंगायची. पासिर रिस शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोपलं तरी चुकायची भीती नाही. ती खुशाल डोळे मिटायची. बेदोक, सिमेई, तांपिनेस, स्टेशनांची नावं स्वप्नातूनच जायची.

घरी नवरा, हेमचंद्र, असायचा. असायचा, हेच नवीन होतं. तीस वर्षं त्याने जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, शेवटी चीफ इंजिनिअर म्हणून. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी, की पुन्हा बॅग भरायची. सुटीत तो घरात पाहुण्यासारखा वावरे. नळ दुरुस्त करी, पुण्याला जाऊन सगळ्यांना भेटून येई, आणि हिचं ऑफिस चालूच. मुलगी किमया त्याला लहानपणी ‘मे महिन्यातले बाबा’ म्हणायची. आता ती शिकायला मेलबर्नला, आणि बाबा कायमचे घरी. सव्वीस वर्षांच्या लग्नात जमिनीवर ही दोघं पहिल्यांदाच सलग एका छपराखाली आली होती.

आणि या माणसाला झोप येईना. शनिवार-रविवार जेवून दोघं आडवी झाली की स्मिता बघायची, हा आपला डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघतोय.

“हेम, झोप ना रे जरा.”

“हं. झोपतो,” तो म्हणायचा आणि तसाच पडून राहायचा.

एवढं राबून आलेला माणूस, आणि घरच्या गादीवर डोळ्याला डोळा लागू नये? तिने कारणही शोधून काढलं. याला जहाजाच्या आवाजाची सवय. इंजिन बंद पडलं की इंजिनिअर जागा होतो, असं त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. इथे तर इंजिन कायमचंच बंद!

नेमकं त्याच सुमाराला टोर्वेलाने डोझी घेतलं. डोझी म्हणजे झोप आणणाऱ्या आवाजांचं ॲप. धबधबा, रातकिडे, पंखा, शेकोटी. यादी चाळताना स्मिताला एक आवाज दिसला, ‘इंजिन रूम’. तिने हेडफोन लावला आणि ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या पायांखालची फरशी हलकेच डुलायला लागली.

लग्नानंतर ती वर्षभर त्याच्याबरोबर जहाजावर राहिली होती. ऑफिसरांच्या बायकांना तेव्हा नेता यायचं. लहानशी केबिन, गोल खिडकी, खिडकीत कधी आकाश तर कधी नुसतं हिरवं पाणी. खालून रात्रंदिवस येणारी ती घुमघुम, पलंगातून, उशीतून, दातांतूनसुद्धा. किती झोपायची ती तेव्हा! स्वप्नात तिची पुण्याची गल्ली पाण्यावर चालायची, आई गॅलरीत उभी राहून हात करायची, आणि सगळं कसं संथ पुढे सरकायचं.

त्या शनिवारी जेवण झाल्यावर तिने फोन उशाशी ठेवला आणि आवाज लावला.

हेमचंद्र चमकला. “हे काय?”

“काही नाही. मीट डोळे.”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि डोळे मिटले. मिटले! स्मिताला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की त्या आनंदात तीच पाच मिनिटांत ढाराढूर झोपली. पुढे तो नेमच झाला. जेवण, बडीशेप, इंजिन. खोलीचा पडदा फुगायचा, गादी पाण्यावर निघायची, आणि ती उठायची तेव्हा हेमचंद्र चहा टाकून बसलेला असायचा. “झोप झाली?” ती विचारायची. “झाली की,” तो म्हणायचा.

मग बेल्जियमहून फर्मान आलं. जे आवाज फार कुणी ऐकत नाही, ते काढा. इंजिन रूमचे श्रोते मोजकेच. स्मिताची साहेबीण लोट्टे, स्वभावाने गोड, हिशेबाला पक्की.

“स्मिता, तुझ्या हट्टाखातर तुझा जुना गजर मी आजवर चालू ठेवला,” ती कॉलवर म्हणाली. “आता हाही आवाज ठेव म्हणतेस. दोन-दोन लाड नाही परवडत. एक काय ते सांग.”

शेजारच्या टेबलावरचा रुचिर, पुण्याचाच पोरगा, कुजबुजला, “मॅडम, आवाजाची फाइल घरी घेऊन जा ना गुपचूप. गजर कशाला सोडता?” तुम्हीही हेच म्हणाल. पण स्मिता ऑफिसचं पेनसुद्धा घरी न नेणारी! शिवाय पणाला काय लागलं होतं? नवऱ्याची झोप. तिच्यापुढे गजराचं काय एवढं!

तिने गजरावर पाणी सोडलं. शुक्रवारी तो बंद झाला. जगात कुठे कुठे तिने उजाडवलेल्या सकाळी होत्या, त्या मावळल्या. ती स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि घरी आली. हेमचंद्रला तिने अवाक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन लागलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं म्हणा किंवा काय, तिला मध्येच जाग आली. आवाज चालूच होता. शेजारी हेमचंद्र उताणा, डोळे सताड उघडे. आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे!

ती ताडकन उठून बसली. तिने एका कानातला बोळा उपटला. “हे काय आहे?”

तो चोरी पकडल्यासारखा हसला. “अगं, उठलीस का? अजून वेळ आहे, झोप.”

“कधीपासून घालतोयस हे?”

“पहिल्यापासून. तुझा डोळा लागला की घालतो.” तो उठून बसला. “तुला त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही ना. जहाजावर कशी गाढ झोपायचीस. मी म्हटलं, लावू दे बिचारीला. मला तर तीस वर्षं पुरलंय ते.”

“मी तुझ्यासाठी लावत होते!” स्मिता ओरडलीच. “तू टक्क जागा असायचास म्हणून! माझा गजर दिला मी त्यापायी, कळतंय का तुला? माझा गजर!” आणि तिने हुंदके देत देत सगळं सांगितलं. लोट्टे, दोन लाड, कालचा शुक्रवार. हेमचंद्रने कपाळाला हात लावला.

“एकदा विचारायचंस तरी,” तो म्हणाला.

“आणि तू? तुला सांगता येत नव्हतं?”

ते काही दोघांनाही जमलं नव्हतं. तीन महिन्यांच्या सुटीत कोण कुणाला असलं विचारतं? चांगलंचुंगलं खायचं, हसायचं, आणि निरोप द्यायचा.

तिने फोन बंद केला. घुमघुम थांबली. खोली एकदम रिकामी झाली, आणि मग हळूहळू भरत गेली. खाली कुठेतरी कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता. वरच्या मजल्यावर गोट्या पडल्यासारखा तो नेहमीचा आवाज झाला, ज्याचं कारण सिंगापुरात आजवर कुणाला सापडलेलं नाही.

“मग जागा का असायचास रे तू?” तिने हळूच विचारलं.

हेमचंद्र पुन्हा आडवा झाला. “सुटीवर आलो की मी दिवस मोजत पडायचो. आता एवढे उरले, आता एवढे. अशी दुपार, तू शेजारी, काही आवाज नाही, हे मी तिथे किती वेळा डोळ्यांपुढे आणलंय. आता मोजायला काही नाही, स्मिता. मग झोपून अशी दुपार वाया कशाला घालवायची?”

तिने डोळे पुसले, फोन बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला, आणि परत येऊन त्याच्या शेजारी, छताकडे बघत, टक्क जागी पडून राहिली.