राखणीला ठेवलेली जहाजं

आमच्या कारखान्यात मागांचा आवाज एवढा, की शेजारच्याला हाक मारून उपयोग नसतो. कुणाला जेवायला जायचं झालं की तो दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेतो, मग आपल्या मागांकडे. म्हणजे, बघशील ना? आपण मान हलवायची. तो येईपर्यंत त्याचा धागा तुटला तर माग आपण थांबवायचा.

हे मला कारखान्यातल्या जुन्या कारागिरानं, चाचांनी, शिकवलं. शाळा अर्धवट सोडून लातूरकडून इथं नारपोलीत मागावर कामाला आलो, तेव्हा खोलीत पथारीपुरती जागा त्यांनीच दिली. मालकाला म्हणाले, "लडका मेरा है." तरी अजून कुणी मोठ्यानं हाक मारली की वाटतं, झालं, परत पाठवतायत.

मोबाइलवरच्या अंतराळातल्या लढायांचा नादही त्यांचाच. गावी जाताना त्यांनी आपलं सगळ्यात मोठं जहाज माझ्या तळावर आणून लावलं. किती दिवस खपून बांधलेलं! गावाकडे फोन लागतो, पण गेम चालेल असं नेट नाही. रिक्षात बसताना त्यांनी तीच दोन बोटं डोळ्यांकडे नेली. मी मान हलवली.

परवा दुपारी जेवून पायरीवर मोबाइल उघडून बसलो होतो, तर तळाजवळ शत्रू दिसला. नेमकं तेव्हाच शेजारच्यानं दारातून बोटं दाखवली. मागापाशी मोबाइल चालत नाही. मग माझी सगळी जहाजं ऑटोवर, म्हणजे आपली आपण लढायला, टाकली, हुकूम दिला 'राखण', आणि आत गेलो. राखण म्हणजे जागा सोडायची नाही, यात समजावण्यासारखं काय आहे?

परत येऊन बघतो तर शत्रूचं एक चिलटाएवढं जहाज गोळी झाडून पळत होतं आणि माझी सगळी फौज त्याच्यामागे. चाचांचं जहाज एकटं. 'परत या' दाबलं. वळली, जरा अलीकडे आली, की पुन्हा त्या चिलटामागे! लढाई चालू असताना ऑटो निघत नाही म्हणे.

"अरे, मागं बघा की रे!"

चहावाला म्हणाला, "कोनाला शिव्या देतस रं? बायको पलाली का?"

तोवर शत्रूची मोठी जहाजं सावकाश आली. चाचांचं जहाज जागचं हललं नाही. लढत राहिलं, मग दिसेना.

माझी सगळी परत येऊन रांगेत उभी राहिली. एकालाही ओरखडा नाही. वर अक्षरं आली: 'राखण यशस्वी.' चिलट मारलं होतं ना!

सुट्टी झाल्यावर फोन लावला.

"चाचा, तुमचं जहाज गेलं."

"और तेरे?"

"सगळी आहेत."

आपली वाचवली आणि माझं घालवलं, असंच त्यांना वाटलं असणार.

"ऑटो पे डाला था?"

"हो. शेजारच्याचे माग बघायचे होते."

"धागा टूटा उसका?"

"एकदा. लगेच थांबवला माग."

"फिर ठीक है." खोकले. "मेरा बिस्तर किसी को मत देना."

खोलीवर आल्यावर त्यांची वळकटी भिंतीकडून उचलून माझ्या उशाशी ठेवली.