काकाला मानवलेला दुष्काळ

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या शेवगाव भागातली माणसं देव पाण्यात ठेवून पावसाची वाट बघत होती. ठेवायला पाणी कुठलं म्हणा! पण खोटं कशाला बोलू, माझ्या काकाला मात्र तो दुष्काळ मानवला.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं होता. डॉक्टर म्हणाले, आता हा बरा आहे, गोळी चालू ठेवा आणि घरी न्या. न्या म्हणे! घर दोन खोल्यांचं, त्यात मी लग्नाची. पाहुण्यांनी याला ओसरीवर बघितलं तर पोरगी करील कोण, हा आईला घोर. वेडा होता तोवर सरकार पोसत होतं. बरा झाल्यावर राहायचं कुठं, ते सरकारला ठाऊक नाही आणि आम्हालाही.

वडिलांनी त्याला पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर नेऊन ठेवलं. लांबून आलेल्या मजुरांसाठी तिथं सरकारी पत्र्याची छपरं होती. दिवसभर खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची, रात्री सगळ्यांत झोपायचं. शेजारच्या छपरातली एक विधवा बाई त्याला भाकरी करून घालायची आणि दरडावायची, "भाऊ, आदी गोळी घ्या, मग कालवन." कुणी त्याला येडा म्हटलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "तुज्यापरीस शाना हाय त्यो!"

मी एकदा चटणी घेऊन गेले, तर काका हसून म्हणाला, "बस की हितं, आमच्यात." आमच्यात! आमच्या घरी तो असं कधी म्हणाला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

पुढच्या साली पाऊस झाला. काम बंद पडलं, पत्रे ट्रकात गेले, माणसं पेरणीला आपापल्या गावी पळाली. ती बाईही गेली. काका घरी आला, आम्ही त्याची बाज गोठ्यात टाकली. आई ताट ठेवून मागं फिरायची, गोळीचं विचारायचं कुणाला सुचायचं नाही. हळूहळू तो एकटाच पुटपुटायला लागला. तेवढ्यात माझी सुपारी फुटली. आता तर त्याला लपवायचीच घाई झाली.

एक दिवस तो वडिलांसमोर येऊन उभा राहिला. चांगला शुद्धीवर होता. म्हणाला, "दादा, पुना दुष्काळ कवा पडंल?"

"अगंबाई! काय हे अभद्र बोलणं!" आईनं कानांवर हात ठेवले. "ऐकलंत ना? आता तरी पटलं?"

वडिलांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांनी त्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनाही त्यांनी पुरावा म्हणून तेच वाक्य सांगितलं, आणि सरकारनं काकाला पुन्हा ठेवून घेतलं.