चंद्रोदयाचं गणित

परवाच्या संकष्टीला मी चंद्र शंभर मिनिटं आधीच उगवून टाकला. पन्नाशीत मी शाळकरी मुलांच्या खगोलशास्त्राच्या परीक्षेला बसतोय, त्याचा हा परिणाम. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे नुकतंच शिकलो होतो. त्या जोरावर बायकोला कॅलेंडर पाहू दिलं नाही आणि आदल्या दिवशीच्या वेळेत पन्नास मिनिटं मिळवायच्या ऐवजी वजा केली. दिवसभराची उपाशी ही साडेसातलाच मोदकांचं ताट घेऊन गच्चीवर आली.

"अहो, कुठंय तुमचा चंद्र?"

"ढग असतील गं."

आकाशात औषधालाही ढग नव्हता.

मोदक पार गार झाल्यावर समोरच्या इमारतीच्या टाकीमागून तो सावकाश वर आला. नारिंगी, एका कडेला जरासा झिजलेला. माझ्या वहीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मी त्याला आकड्यांत शोधत होतो. उपास धरणाऱ्या बायका मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या पोटातल्या भुकेनं ओळखत आल्या आहेत.

अर्घ्य देऊन तिनं पहिला मोदक खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, "पुढच्या संकष्टीलाही गणित तुम्हीच करा. फक्त उपासही तुम्हीच धरा."