वन्संच्या चालीचं दार

स्वयंपाकघराच्या आपटणाऱ्या दाराने माझ्या नणंदेला, वन्संना, दोनदा पाडलं, तेव्हा दार हळू मिटवणारा क्लोजर बसवायला मिस्त्री आला.

"आजी, दारातून चालून दाखवा. तुमच्या चालीवर वेग लावतो."

वन्सं काठी ठेवून तरातरा गेल्या. "बघ! मला म्हातारी समजतोस?"

त्याने मान डोलावली, पण पेचकस काही खिशात ठेवला नाही. मग त्याने तीनदा पाणी मागितलं, तेही वन्संकडेच. मला नवल वाटलं. पाणी मीही दिलं असतं. तिसऱ्या खेपेला वन्सं दमून, भिंत धरत आल्या. तो ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. त्याने स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

रिकामा पेला घेऊन वन्सं आत गेल्या. दार त्यांच्यामागे अलगद मिटलं.

"भागली का रे तहान?" त्यांनी आतून विचारलं.

"आता भागली, आजी."