अण्णा बसला की इंजिन बंद

रियाधमधल्या बत्ह्याच्या बाजारात एका मल्याळी दुकानात मी कढीपत्त्याच्या जुड्या निवडत होते, तेव्हा फोन आला. मुश्ताकभाईंचा. माझा थोरला भाऊ, अण्णा, अल खर्जजवळच्या एका डेअरीच्या शेतावर चाऱ्याचा विभाग सांभाळायचा आणि चिपळूणकडचे हे मुश्ताकभाई तिथे कापणीचं यंत्र चालवतात. मला ते कधी फोन करत नसत. "ताई, साहेब शेतात पडले," एवढंच म्हणाले आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला... "कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?" मी विचारलं. इकडे दुकानदार विचारत होता, "बहनजी, एक या दो?" मी दोन जुड्या घेतल्या. का घेतल्या, देव जाणे.

कागदपत्रं पूर्ण झाली, अण्णाला तासगावला नेलं, अग्नी दिला, दिवस केले आणि मी रियाधला परत आले. तेव्हापासून लोक भेटायला येतात आणि "तुमचे बंधू मोठे पक्षिमित्र होते हो" म्हणतात. पक्षिमित्र! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. असले मित्र वैऱ्याला नकोत. चार टिटव्यांपायी माझ्या भावानं हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललं, आणि ते राहिलं ते राहिलंच. तेव्हा मला पक्ष्यांचं कौतुक कुणी सांगू नये.

टिटवीचं वेड लहानपणापासूनचं. येरळा नदीच्या काठच्या माळावर टिटवी ओरडली की आमची आई हातातलं काम टाकून म्हणायची, "मेली, कुणाला न्यायला आलीय कुणास ठाऊक!" आणि अण्णा नेमका त्याच दिशेनं पळायचा. अंडी उघड्यावर, चार खड्यांत पाचवा खडा वाटावा अशी. तो ती मला लांबून दाखवायचा. मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. "मंगे, तुझ्या डोळ्यांत काय भुसा भरलाय?" असं म्हणायचा. शेतकीची पदवी घेऊन तीसेक वर्षांपूर्वी तो इकडे आला. वहिनी गेल्यावर, मूलबाळ नसताना, इथे राहण्यासारखं त्याला काय होतं? पण तो राहिला. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, कटाची आमटी ओरपायचा, आणि माझी लेक इंग्रजीत काही म्हणाली की आपण अस्सल तासगावीत उत्तर द्यायचा. दोघांचं छान चालायचं.

मग एका वसंतात त्याच्या शेतात टिटव्या आल्या. वाळवंटात गोल गोल हिरवी शेतं असतात, फवाऱ्याचा लांबच लांब हात वरून फिरत असतो, खाली गाईंसाठी चारा, इकडे त्याला बरसीम म्हणतात, म्हणजे आपला लसूणघास. पाणी आहे तिथे पाखरू येणारच. अण्णाला कोण आनंद झाला! "अगं, आपल्याकडे अंडी उबवतात, इथे निववावी लागतात," असं तो मला सांगत होता. उन्हाचा तडाखा एवढा, की नुसती उघडी पडली तरी अंडी शिजून जातील. म्हणून टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, तशीच ओली येऊन अंड्यांवर उभी राहते. नर-मादी पाळीपाळीनं.  मी म्हटलं, "वहिनीला ताप होता तेव्हा तू अशाच पट्ट्या ठेवायचास." त्यानं ताकाचा पेला मागितला.

अडचण अशी, की बरसीम दर महिन्याला कापतात, आणि अंडी फुटायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. कापणीनंतर लगेच अंडी पडली तर नशीब, नाहीतर यंत्राखाली. पिल्लं निघाली तरी सुटका नाही. आईनं धोक्याचा आवाज दिला की पिल्लू पळत नाही, आहे तिथे जमिनीला चिकटून बसतं. कोल्ह्याला ते दिसत नाही. यंत्राच्या पात्याला दिसण्या-न दिसण्याशी काय घेणं? मग अण्णानं शक्कल लढवली. कामगारांच्या जुन्या नारिंगी जॅकेटांच्या चिंध्या फाडल्या, काठ्यांना बांधल्या आणि प्रत्येक घरट्याशेजारी एकेक काठी रोवली. यंत्रवाल्यांनी काठीला वळसा घालायचा. केवढा खूश होता! पुढच्या शुक्रवारी आला तो तोंड पाडून. वाळवंटातले ते मोठाले कावळे, त्यांनी काठ्या ओळखल्या होत्या. जिथे चिंधी तिथे अंडी, एवढं कळायला कावळ्याला कितीसा वेळ लागतो? काठीवाली सगळी घरटी साफ. जे घरटं अण्णाच्या नजरेतून सुटलं होतं तेवढंच वाचलं. "मीच पंगत मांडली गं त्यांना," असं म्हणून माझा भाऊ माझ्या स्वयंपाकघरात, भाकरीच्या परातीसमोर बसून रडला. वहिनीच्या वेळी तो माझ्यासमोर रडला नव्हता.

त्यानंतर खुणा बंद. अण्णा स्वतः यंत्रापुढे चालायला लागला. सुपरवायझर माणूस, पण कापणी असली की पहाटे बूट चढवून हजर. टिटवी ओरडते तिथे अंडी नसतात, ती अंड्यांवरून गुपचूप उठते, वाकून लांब पळते आणि मग बोंब मारते. तेव्हा ती कुठून उठली ते बघायचं असतं. अण्णाला ते दिसायचं. घरटं सापडलं की तो तिथे खाली बसायचा. तो बसला की मुश्ताकभाईंनी इंजिन बंद करायचं आणि जागचं हलायचं नाही. अण्णा बसल्या बसल्याच हळूहळू मागे सरकायचा, टिटवी परत येऊन अंड्यांवर उभी राहीपर्यंत बघायचा आणि मग हात वर करायचा. तेवढा तुकडा सोडून यंत्र पुढे. शेतावरचे लोक हसायचे, पण गाईंच्या चाऱ्यात तूट येत नव्हती, त्यामुळे मॅनेजरही बोलत नसे.

यंदा फेब्रुवारीत त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या तुंबल्यात, ऑपरेशन लवकर करा, उन्हात फिरू नका. मी अक्षरशः भांडले त्याच्याशी. "अण्णा, दुसऱ्या कुणाला तरी चालायला सांग की!"

"दुसऱ्याला दिसत नाही गं. पायाखाली तुडवतील."

"आणि तू मेलास म्हणजे?"

"जूनमध्ये पिल्लं उडतील, मग करू. मग तू म्हणशील तसं." आणि वर हसून म्हणाला, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते, मंगे." मी फोन आपटला. त्यानंतर दोनदा बोललो, पण ते आपलं जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच.

परवा शेतावरून निरोप आला की खोली रिकामी करून द्या, नवा माणूस येतोय. आता इथे बायका गाडी चालवतात, त्यामुळे मी एकटीच गेले. खोलीत होतं काय? कपडे, वहिनीचा फोटो, मी दिलेली लोणच्याची बरणी. अर्धा तास लागला नसेल. बाहेर आले तर मुश्ताकभाई उन्हात उभे. म्हणाले, "ताई, एक सांगायचंय. सांगितलं नाय तर मला झोप नाय."

यंत्राच्या सावलीत आम्ही बसलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"त्या दिवशी साहेब पुढे चालत होते. मधेच खाली बसले. मला वाटलं, अंडी सापडली. मी इंजिन बंद केलं आणि वाट बघत राहिलो. साहेबांचा हुकूम, मी हात वर करेपर्यंत कुणी जवळ यायचं नाय. मी खुर्चीवरून हललो नाय, ताई. पाणी प्यालो. मोबाईल बघितला... मग ते आडवे झाले, तेव्हा धावलो. तिथे अंडी नव्हती, ताई. नंतर मी सगळीकडे शोधलं. एक पण अंडं नव्हतं."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या माणसाचा संताप आला. माझा भाऊ समोर छाती धरून बसलाय आणि हा पाणी पितोय! मग उमगलं.  अण्णानं शिकवलं तेच त्यांनी केलं होतं, शब्दाबाहेर गेले नव्हते. "तुमची चूक नाही" हे तीन शब्द मला म्हणता यायला हवे होते. माझ्या तोंडून ते फुटेनात.

"आज तोच तुकडा कापायचाय," ते म्हणाले. "फोरमन यल्ला यल्ला, आटपा आटपा करतोय. पुढे चालायला माणूस मागितला तर म्हणतो, खलास, ते साहेबाबरोबर गेलं. माझा हात गिअरवर जात नाय."

"चला," मी म्हटलं. "मी चालते पुढे."

अंगावरचा काळा अबाया खोचला आणि चपलांतच बरसीममध्ये शिरले. मागे यंत्र घरघरत होतं. ऊन नुसतं भाजत होतं. मला कुठलं काय दिसतंय, भुसा भरलेले डोळे माझे. आणि एकाएकी समोरून, पंधरावीस पावलांवरून, एक टिटवी उठली. आवाज न करता. वाकून, मान आत घालून, चोरासारखी पळाली आणि लांब जाऊन मग तिनं बोंब ठोकली. ती उठली त्या जागेवरून मी नजर हलवली नाही. पोचले आणि दिसली. चार अंडी, मातकट, ठिपक्यांची, टोकं आत करून ठेवलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला ती कुणी न दाखवता दिसली. मी मटकन खाली बसले.

मागे इंजिन बंद झालं.

आणि मग धावण्याचा आवाज. "ताई! ताई!" पन्नाशी उलटलेला तो माणूस बरसीम तुडवत, ठेचकाळत, पाण्याची बाटली हातात घेऊन जीव खाऊन धावत येत होता. टोपी कुठे तरी पडली होती. टिटव्या डोक्यावर किंचाळत होत्या. अण्णा असता तर शिव्यांची लाखोली वाहिली असती.

"काही नाही हो मला," मी ओरडले. "अंडी आहेत. बघा भाई, खरंच आहेत."

ते तसेच माझ्यापासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसले. अंड्यांकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांना हुंदका फुटला. मग मलाही. तासगावला चितेसमोर मी रडले नव्हते, ते सगळं त्या शेतात रडले. टिटवी बिचारी जवळ येऊन परत फिरत होती, पुन्हा येत होती. तिच्या पोटाची पिसं ओली होती.

"उठा भाई," मी म्हटलं. "आपण लांब होऊ या. अंडी तापतील."