आबांच्या ताटातलं न तोललेलं

काट्यावर पुन्हा अठ्ठ्याण्णव आलं. रामदास आबा खाली उतरले. चपला काढल्या, खिशातला चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि परत चढले. अठ्ठ्याण्णवच.

"ताई, तुमना काटा बराबर शे ना?"

"गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय आबा."

"मंग मीच बराबर नही," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी धुळ्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. पेशंटच्या भाषेत डाएटवाल्या मॅडम. चोवीस वर्षं मी लोकांना काय खा आणि काय खाऊ नका ते सांगतेय, आणि चोवीस वर्षं लोक मला काय खाल्लं ते अर्धवट सांगताहेत. त्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी झालाय. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढच्या प्रकरणात त्याचाच घोळ झाला.

आबा पारोळ्याच्या बाजारात मापाडी. म्हणजे शेतमाल काट्यावर चढला की त्याचं वजन करून मोठ्याने सांगणारा माणूस. तीस वर्षं हेच काम. वय चोपन्न, पण बाजारात म्हातारेसुद्धा त्यांना आबाच म्हणतात, मग मीही म्हणायला लागले. त्यांना पोटाचा हर्निया होता. पोटाच्या आतल्या भिंतीला फट पडते आणि तिच्यातून आतडं बाहेर डोकावतं, तो हर्निया. आबांना खोकला आला की ते आधी हाताने पोट धरायचे, मग खोकायचे. ऑपरेशन हाच उपाय होता. पण वजन होतं एकशे एक किलो, आणि आमचे सर्जन देवरे सर म्हणाले होते, "आठ किलो उतरवून आणा. एवढ्या चरबीत टाके टिकायचे नाहीत. आणि फार वेळ लावू नका. आतडं त्या फटीत अडकलं तर मग मला वजन बघायला सवड मिळणार नाही."

मी आबांना लो-कार्ब डाएट दिलं. भाकरी, भात, साखर, गूळ, बटाटा जवळजवळ बंद. अंडी, पनीर, दही, पालेभाज्या, वांगी, थोडे दाणे चालू. आणि दिवसाला पंधराशे कॅलरी. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. त्यांना वाटतं, भाकरी सोडली की वजन आपोआप घसरतं. तसं नसतं. भाकरी सोडली की भूक कमी लागते, म्हणून माणूस कमी खातो, म्हणून वजन उतरतं. मधली पायरी गळाली की पुढची येत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत आबांचे तीन किलो गेले. ते खूश. मी नव्हते. सुरुवातीला जातं ते बरंचसं शरीरातलं पाणी असतं. खरी परीक्षा त्यानंतर असते. आणि त्यानंतर काटा जो अठ्ठ्याण्णववर बसला तो तीन आठवडे हललाच नाही.

आबांची वही माझ्यासमोर होती. अशी वही मी आजवर पाहिली नाही. भरीत दोनशे दहा ग्रॅम. अंडी दोन, सोलून एकशे दोन ग्रॅम. दही एकशे पन्नास. मेथीची भाजी एकशे ऐंशी, त्यात फोडणीचं तेल एक चमचा. काकडी, तीसुद्धा देठ काढून तोललेली. मी बेरीज केली. चौदाशे ऐंशी. दुसरा दिवस, पंधराशे दहा. तिसरा, चौदाशे नव्वद. एवढी सरळ वही खरी असते का? मला तर ती वही बघूनच शंका आली. थायरॉइडचा रिपोर्टही नॉर्मल आला होता, म्हणजे तीही पळवाट बंद.

"आबा, खरं सांगा," मी म्हटलं. "बाजारात काही खाणं होतं का? भजी? शेव? मी रागावणार नाही."

मी रागावलेलेच होते, आणि ते त्यांना ऐकू आलं असणार. आबांनी वहीवर हात ठेवला.

"ताई, तीस वरीस काटावर उभा शे मी. दुसरानं पोतं कधी कमी तोललं नही. मनंच ताट कमी तोलसू का?"

त्यांनी वही उचलली, काखेत मारली आणि पुढची तारीख न घेता निघून गेले. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, त्या क्षणी थोडं सुटल्यासारखंही वाटलं, कारण चोरी पकडली असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. 

दुपारी देवरे सरांनी विचारलं.

"तुमच्या मापाड्याचं काय?"

"अडकलंय सर. अठ्ठ्याण्णव."

"खातोय तो."

"वहीत दिसत नाही."

"वहीत कोण लिहितं? हजारावर आणा त्याला. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मी ही केस सोडतो. दुसरीकडे दाखवा म्हणावं."

हजार कॅलरी म्हणजे मला अंडी कमी करावी लागणार होती, दही कमी करावं लागणार होतं. दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस. चरबीआधी अंगातली ताकद गेली असती आणि तशा अंगाने तो ऑपरेशनला गेला असता. मी सरांना म्हटलं, एक आठवडा द्या. का मागितला ते मलाही नीट सांगता आलं नसतं. आबांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, एवढंच.

माझं माहेर नशिराबादचं. रविवारी आईकडे जायचं होतं आणि पारोळा वाटेवरच. सकाळी फोन केला तर आबांच्या बायकोने उचलला. सुमनअक्का. मी भीतभीत म्हटलं, येऊन जाऊ का? "या ना ताई, जेवालेच या," त्या म्हणाल्या. त्यांना नवऱ्याने काहीच सांगितलेलं नव्हतं.

आबांनी मला पाटावर बसवलं, पण बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला तेवढाच. थंडीचे दिवस होते. अंगणात वांगी भाजल्याचा वास अजून होता. मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि भरीत. आबांच्या ताटात भाकरी नाही. त्यांनी शेजारी छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला होता. रिकामी वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला, भरीत घातलं, आकडा वाचला, वहीत लिहिला. मग दही. मग अंडी. सोनार तोलतो तसं. मला माझीच लाज वाटायला लागली. आबांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं, आणि "करा सुरू" म्हणाले.

मी जेवले. अगदी मनापासून जेवले. हॉस्पिटलच्या डब्यावर जगणाऱ्या बाईला कळण्याची भाकरी आणि भरीत मिळालं की काय होतं, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. अक्का आग्रहाने वाढत होत्या. मी "पुरे पुरे" म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं, जसं कुठल्याच घरात ऐकत नाहीत.

हात धुवायला मोरीत गेले. साबण लावला. बोटं बुळबुळीत. पुन्हा साबण लावला. तरी बुळबुळीत.

मी तशीच ओल्या हातांनी आत आले आणि ताटांकडे बघितलं. माझ्या ताटात पिवळा ओघळ होता. आबांच्या ताटातही होता, माझ्यापेक्षा मोठा. आणि अक्कांच्या हातात चोच असलेली स्टीलची बुधली होती, शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची. ती पूर्ण जेवणभर त्यांच्या हातातच होती.

आमच्याकडे खिचडीवर, भरितावर, ठेच्यावर वरून कच्चं तेल सोडतात. जेवणारा स्वतः घेत नाही. वाढणारी बाई फिरत येते आणि धार सोडते. तुम्ही नको म्हणालात तर ती दुसरी धार सोडते, कारण पाहुणा लाजतोय असं तिला वाटतं. मी जन्मापासून हे तेल खातेय. त्या दिवशी माझ्या ताटात तीनदा धार पडली. मी, चोवीस वर्षं हेच काम करणारी आहारतज्ज्ञ, भाकरी कुस्करली, कालवलं आणि खाल्लं. मला दिसलंच नाही. मग आबांना कसं दिसणार? त्यांनी तर ताट तोलून वही मिटलेली.

"अक्का, आबांना रोज एवढं तेल घालता?"

"हाऊ ना. दोन्ही टायमाले."

"मग वहीत का नाही?"

"ताई, तेल काय खावानी वस्तू शे का? ते तर वरथून सोडानं ऱ्हास. तुम्ही भाकर बंद करी, भातबी. मंग हाई कोरडं घशाखाले कसं उतरी? आनि तुम्हीनच ते सांगं ना, तेल-तूप चाली म्हनीसन."

सांगितलं होतं. माझ्याच छापील कागदावर तसं वाक्य आहे. लो-कार्बमध्ये तेल-तूप चालतं. किती चालतं, ते पुढच्या ओळीत असायला हवं होतं. नव्हतं.

मी पर्समधला मापाचा चमचा काढला. अक्कांना म्हटलं, या रिकाम्या वाटीत एका जेवणाला आबांना घालता तेवढं घाला. त्यांनी मन लावून तीन धारा सोडल्या. मी मोजलं. आठ चमचे. तेलाच्या एका चमच्यात चाळीसच्या वर कॅलरी. आठ चमचे म्हणजे सव्वातीनशे. दोन वेळचे साडेसहाशे. पंधराशेत साडेसहाशे मिळवले की बाविसशेच्या जवळ जातात, आणि आबांच्या शरीराला दिवसाला साधारण तेवढेच लागत होते. काटा हलणार कुठून?

एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! माणूस खोटा नव्हता. थायरॉइड नव्हतं. हजार कॅलरीची गरज नव्हती. वाटीत आठ चमचे तेल होतं, बस.

अक्कांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "म्हंजे मीच त्यासनं ऑपरेशन अडकाडं?"

"नाही अक्का. माझ्या फॉर्ममध्ये तेलाचा रकानाच नव्हता. चूक माझी."

आबांनी ती वाटी उचलली. मग मी आल्यापासून पहिल्यांदा नीट बोलले. "काटा सुरू व्हता. मी वही आगोदर मिटी दिधी." ते माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला आणि अक्कांना म्हणाले, ताईंना ताक दे.

मी तेल बंद केलं नाही. ते बंद केलं असतं तर आठवड्याभरात डाएटच बंद पडलं असतं. सकाळी दोन चमचे तेल एका छोट्या वाटीत काढायचं. दिवसभर धार सोडायची ती त्यातूनच. संपलं की संपलं. "इतलंसंच?" अक्का म्हणाल्या. पण वाटी त्यांनी ताब्यात घेतली.

सोमवारी सरांना सांगितलं.

"सर, पेशंट खरं बोलत होता. तेल राहिलं होतं लिहायचं."

"किती तेल?"

"दिवसाला सोळा चमचे. वरून."

सर हसले. मग त्यांचा हात त्यांच्याच डब्यावर गेला. झाकण उघडून खिचडीकडे बघितलं. तेही खान्देशातलेच, शिरपूरकडचे. "हे वरचं तेल कच्चंच आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी चमचा उचलला नाही. हजाराचा विषय तिथेच संपला.

नऊ आठवडे लागले. दर आठवड्याला अर्धा किलो, कधी त्याहून थोडं जास्त. साडेत्र्याण्णव झालं तेव्हा सर म्हणाले, चालेल, घेऊन टाकू. आबा तयार होईनात. "आठ ठरेल व्हतं. साडेसात म्हंजे आठ नही." पुढच्या आठवड्यात काट्याने त्र्याण्णव दाखवलं तेव्हाच त्यांनी सही केली. तोपर्यंत आतडं अडकू नये म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मीच मऊ खिचडी लिहून दिली. तेवढ्यापुरतं लो-कार्ब बाजूला. राउंडला गेले तेव्हा अक्का डबा उघडत होत्या. मला बघून त्यांनी पिशवीतून ती छोटी वाटी काढली, चमच्याने एकच चमचा तेल मोजलं आणि खिचडीवर नेलं.

"थांब," पलंगावरून आबा म्हणाले. "आगोदर वही काढ."

अक्कांनी वही काढून लिहिलं, मग तेल सोडलं. आबांना खोकला आला. हात पोटाकडे जायला निघाला, अर्ध्यावर थांबला आणि घास घ्यायला डब्याकडे गेला.

माझ्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न आहे: ताट वाढून झाल्यावर त्यात आणखी काय पडतं, आणि ते कोण टाकतं? पेशंट एकटा आला असेल तर मी फॉर्म भरतच नाही. टाकणाऱ्या बाईला घेऊन या, म्हणते.